बॉन्ड, बहिर्जी आणि बिंदू चौक

बॉन्डचा नट बदलला की लोकांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, संपलं, आता ती मजा नाही. दुसरा म्हणतो, आधी पिक्चर तर बघू. मी कायम दुसऱ्या तटात. यामागे तत्त्व वगैरे काही नाही. आमच्या पिढीला बॉन्ड मिळाला तोच मुळात उलटसुलट क्रमाने. केबलवर आज शॉन कॉनरी, उद्या रॉजर मूर, परवा पिअर्स ब्रॉस्नन, आणि तिघंही अस्खलित हिंदी बोलणारे! त्यामुळे बॉन्ड म्हणजे अमुक एक माणूस, असं कधी वाटलंच नाही. गाडी तीच, ड्रायव्हर ड्यूटीप्रमाणे बदलतो. एसटीसारखं.

तरी २००५ साली डॅनियल क्रेगचं नाव जाहीर झालं तेव्हा इंटरनेटवर जी काही ओरड झाली ती आठवून अजून हसू येतं. म्हणे केस सोनेरी आहेत. उंची कमी आहे. चेहरा बॉक्सरसारखा आहे. निषेधाची वेबसाइट निघाली होती राव! मी तेव्हा पुण्यात पहिल्या नोकरीत होतो आणि आमच्या टीममध्येही दुपारच्या जेवणाला हाच विषय. नोव्हेंबर २००६ मध्ये 'कॅसिनो रॉयल' आला आणि आम्ही आठ जण गेलो, त्यातले पाच जण तर शिव्या द्यायच्या तयारीनेच.

सुरुवात कृष्णधवल. मग ती बांधकामावरची पळापळी. पुढे पळणारा माणूस माकडासारखा भिंतीच्या वरच्या फटीतून अलगद पलीकडे उडी मारतो. मागून बॉन्ड येतो आणि सरळ भिंत फोडून आत घुसतो. बस्स, त्या एका क्षणात नवा हिरो कळला. याच्याकडे नजाकत नाही, हा आडदांड आहे, याला लागतं, याचं रक्त निघतं, आणि हा चुकतोसुद्धा. दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेल. १९९५ मध्ये 'गोल्डनआय'मधून ब्रॉस्ननला बॉन्ड म्हणून आणलं होतं तेही यानेच. म्हणजे नवीन माणूस रुजवायचं काम कंपनीने अनुभवी माळ्याकडे दिलेलं. पत्त्यांचा डाव मात्र माझ्या डोक्यावरून गेला. तीन पत्तीवर वाढलेल्या माणसाला पोकर काय कळणार! आणि ते सुप्रसिद्ध 'माय नेम इज...' छापाचं वाक्य अगदी शेवटी येतं, जणू ते बोलायचा हक्क त्याला आधी कमवावा लागला. बाहेर पडताना पाचातले चार जण फितूर झाले होते. पाचवा अजून ब्रॉस्ननवर अडून आहे, पण तो आयफोनच्या बाबतीतही तसाच होता.

क्रेगने नंतर पंधरा वर्षांत पाच सिनेमे केले आणि २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'नंतर बाजूला झाला. म्हणजे पुन्हा तट पडायची सोय झाली.

पण मला आज लिहायचंय ते बॉन्डवर नाही. बहिर्जीवर. आपल्याकडच्या हेराचा नट बदलला तेव्हा कुठे निषेध झाला नाही, वेबसाइट निघाली नाही. आमच्या घरात मात्र त्यावरून एक जुना विषय निघाला, आणि तो अजून पुरता मिटलाय असं मला वाटत नाही.

दिग्पाल लांजेकरचा 'फर्जंद' १ जून २०१८ ला लागला. (प्रभात फिल्म कंपनीसुद्धा कोल्हापुरात १ जूनलाच स्थापन झाली, १९२९ साली. योगायोगच. त्यातून काही काढू नका.) कोंडाजी फर्जंदने साठ माणसं घेऊन पन्हाळा घेतला, ती गोष्ट. मी वीकेंडला घरी आलो होतो आणि थोरले काका म्हणाले, चल, बघून येऊ. काका सहसा सिनेमाला चल म्हणत नाहीत. पण पन्हाळा म्हणजे आमच्यासाठी घरचं कार्य. वीस किलोमीटरवर गड, शाळेच्या सहलीपासून लग्नाआधीच्या गुपचूप भेटींपर्यंत सगळं तिथेच झालेलं. त्याच्यावर सिनेमा आलाय आणि कोल्हापूरकर घरी बसेल? थिएटरात पडद्यावर 'पन्हाळा' हा शब्द नुसता उच्चारला गेला तरी शिट्ट्या!

इतिहास थोडक्यात असा. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटले, मागे बाजीप्रभू पडले, आणि थोड्याच दिवसांत पन्हाळा आदिलशाहीला देऊन टाकावा लागला. १६६६ मध्ये परत घ्यायचा प्रयत्न फसला. मग ६ मार्च १६७३, फाल्गुन वद्य त्रयोदशी, म्हणजे अमावस्येच्या तोंडावरची काळीकुट्ट रात्र. अण्णाजी दत्तो बाकीची फौज घेऊन मागे थांबले आणि कोंडाजी निवडक साठ गडी घेऊन कडा चढला. वर पोचल्यावर चौफेर कर्णे वाजवले. आत झोपलेल्यांना वाटलं केवढी फौज आली. या एका रात्रीवर जयराम पिंड्ये नावाच्या कवीने संस्कृतात अख्खं काव्य लिहिलंय, 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान'. पर्णाल म्हणजे आपला पन्हाळा. साठांतली कोंडाजी, गणोजी, मोत्याजी अशी मोजकी नावं उरली. बाकीच्यांचं काय, कुणास ठाऊक.

कोंडाजी झाला होता अंकित मोहन. हिंदी मालिकांतला नट. २०१३ च्या 'महाभारत'मधला अश्वत्थामा म्हणून लोक ओळखत होते. मराठीत नवा. इथेही थोडी कुरकुर ऐकू आली होतीच, की आपल्यात माणसं नव्हती का, वगैरे. मला तो आवडला. क्रेगसारखंच आहे त्याचं. आधी शरीर येतं, मग संवाद. साठ जणांची निवड आणि तयारी हा भाग मस्त जमलाय. संगणकावर रचलेली दृश्यं कुठे कुठे उघडी पडतात, आणि घोषणा जरा जास्त आहेत. (रात्री गुपचूप कडा चढायच्या मोहिमेत एवढं मोठ्यानं बोलतात का कुणी?) पण शेवटची लढाई बघताना मी खुर्चीच्या टोकावर होतो, हे कबूल.

मध्यंतरात काकांना विचारलं, कसा वाटतोय कोंडाजी?

"पैलवान बरा हाय. पण ह्याला बघून गडावरचं कुत्रं पण भुंकंल."

आणि बहिर्जी? बहिर्जी नाईक झाला होता प्रसाद ओक. वेश बदलतो, गडात शिरतो, बातमी काढतो. सोबतीला मृण्मयी देशपांडेची केसर. बहिर्जीचं नवं सोंग आलं की थिएटरात टाळ्या पडत होत्या. यावर काका नुसते हसले. म्हणाले, "समद्यांनी वळखला की!"

आता काकांबद्दल सांगायला हवं. काका पोलिसात होते, पण आम्ही त्यांना खाकी कपड्यांत पाहिल्याचं आठवत नाही. ते होते विशेष शाखेत. साधे कपडे, खांद्याला कापडी पिशवी, पायात कोल्हापुरी, आणि सायकल. गल्लीतल्या निम्म्या लोकांना ते कुठल्यातरी कचेरीत क्लार्क आहेत असंच वाटायचं. कुठे मोर्चा आहे, कुठल्या सभेत कोण काय बोललं, ऊस दरावरून कुठल्या गावात काय शिजतंय, हे कळवणं हे त्यांचं काम. २००२ मध्ये निवृत्त झाले. कामाबद्दल एक अक्षर घरात बोलले नाहीत, अगदी काकूजवळही नाही. काकू म्हणायच्या, "ह्यांना जेवण कसं झालंय विचारलं तरी आधी मागं बघतात." सिनेमातला हेर आणि घरातला हेर यांचा काही संबंध असू शकतो हे माझ्या डोक्यात तोवर कधीही आलं नव्हतं. कसं येणार? हेर म्हणजे अॅस्टन मार्टिन. काकांकडे अॅटलस होती.

कोल्हापूरला बहिर्जी नवा नाही, हे जाता जाता. 'प्रभात'ने १९३० साली 'उदयकाल' केला, त्यात व्ही. शांतारामांनी स्वतः शिवाजी महाराजांचं काम केलं होतं. त्याचं आधीचं नाव 'स्वराज्य तोरण', पण इंग्रज सरकारच्या सेन्सॉरपायी बदलावं लागलं. आणि भालजी पेंढारकरांनी तर १९४३ सालीच 'बहिर्जी नाईक' या नावाचा सिनेमा काढला होता. इयान फ्लेमिंगची पहिली बॉन्ड कादंबरी आली १९५३ मध्ये. म्हणजे बॉन्ड कागदावर जन्मण्याच्या दहा वर्षं आधी आपला हेर पडद्यावर येऊन गेला होता! ही माहिती मी आमच्या टीममधल्या त्या पाचव्याला मुद्दाम कळवली. त्याने नुसता अंगठा पाठवला. असो.

तर 'फत्तेशिकस्त'. १५ नोव्हेंबर २०१९. या वेळी लाल महाल, शाहिस्तेखान. चिन्मय मांडलेकर महाराज, मृणाल कुलकर्णी जिजाऊ, मृण्मयी देशपांडे केसर, हे पुन्हा तेच. अंकित मोहन मात्र आता येसाजी कंक. आणि बहिर्जी नवा, हरीश दुधाडे. तो 'फर्जंद'मध्येही होता, पण वेगळ्या भूमिकेत. माझी आठ वर्षांची पुतणी बरोबर होती, तिचा पार गोंधळ उडाला. "हा कोंडाजी ना? मग ह्याला येसाजी का म्हणतायत? आणि बहिर्जी कुठंय?" मी तिला माझ्या धंद्यातल्या भाषेत समजावायचा प्रयत्न केला, की इंटरफेस तोच आहे, इम्प्लिमेंटेशन बदललंय. तिने माझ्याकडे बघितलं आणि पॉपकॉर्न मागितलं.

पण मला इथे एक गोष्ट जाणवली आणि अजून पटते. प्रसाद ओक उत्तम नट आहे, यात वाद नाही. पण तो कुठल्याही सोंगात आला तरी आपण आधी 'प्रसाद ओक!' म्हणतो आणि मग 'बहिर्जी'. ओळखल्याचा आनंद होतो, टाळी पडते. दुधाडेच्या बाबतीत माझं एकदा चक्क फसगत झाल्यासारखं झालं. पडद्याच्या कडेला कुणीतरी फिरतंय, माझं लक्ष खानाकडे, आणि जरा वेळाने कळलं, अरे, हाच की तो! हेराचं काम करायला फार प्रसिद्ध चेहरा घेऊच नये असं माझं तेव्हापासून मत आहे. बॉन्डचं उलट असतं. तिथे तो खोलीत शिरला की सगळ्यांनी वळून बघायचं असतं. तो हेर नाहीच, तो पाहुणा आहे. काकांनी बॉन्ड एकदाच पाहिला होता, माझ्याच आग्रहाने, टीव्हीवर. "हा हेर? आणि पयल्यांदा सोताचं नाव सांगतोय?" एवढं म्हणून ते झोपायला गेले होते.

अनुप सोनीचा शाहिस्तेखान मला जरा थंड वाटला, पण लाल महालाचा प्रसंगच असा आहे की अंगावर काटा येतोच. ५ एप्रिल १६६३, रमजानचा महिना. लग्नाच्या वरातीच्या मिषानं माणसं शहरात घुसवायची युक्ती खाफीखानानेही लिहून ठेवली आहे, म्हणजे हे फक्त आपल्याच शाहिरांनी रचलेलं नाही. स्वयंपाकघराच्या बाजूची बुजवलेली खिडकी फोडून आत शिरले. खानाची बोटं तुटली, मुलगा मारला गेला, आणि औरंगजेबाने खानाला बंगालला पाठवून दिलं. सिनेमा संपल्यावर पार्किंगमध्ये काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खिडकी बुजवलीया हे कुणीतरी जाऊन बघून आलं असणार की रं."

मी म्हटलं, महाराजांचं लहानपणचंच घर ना ते, त्यांना माहीत असणार.

"घर माहीत. खिडकी नंतर खानाच्या माणसांनी बुजवली. ते कोण बघून आलं? आचारी? पाणक्या? का भांडीवाली? त्याचं नाव न्हाई कुठं. तो खरा."

एवढं लांब वाक्य काका त्यांच्या जुन्या धंद्याच्या आसपासच्या विषयावर पहिल्यांदाच बोलले असतील.

दुसऱ्या दिवशी रविवार. पुतणीच्या हट्टामुळे आम्ही सगळे पन्हाळ्यावर. ताईही होती, काकांची मुलगी, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, आता सांगलीला असते. तीन दरवाजा झाला, अंधारबाव झाली, अंबरखान्यात पुतणीने आपलं नाव ओरडून प्रतिध्वनी ऐकला. सज्जा कोठीशेजारी झुणका-भाकरी घेऊन बसलो. वारा असा की पत्रावळ हाताने दाबून धरायला लागत होती. कोंडाजी कुठून चढला असेल यावर सगळ्यांची आपापली मतं. मी पुतणीला बहिर्जींबद्दल जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगत होतो. ते फार नाहीच. सभासद बखरीत बहिर्जी जाधव सुरतेची बातमी घेऊन येतो. सुरत मारली तर अगणित द्रव्य मिळेल, अशा अर्थाचं सांगतो. समाधी सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, बाणूरगडावर दाखवतात. चित्र नाही. चेहरा कसा होता, माहीत नाही. पुतणी म्हणाली, "मग पिक्चरवाल्यांनी कसा काय काढला?" मी म्हटलं, म्हणूनच तर दोनदा काढला.

मग कोंडाजीचं पुढे काय झालं तेही सांगितलं. हे 'फर्जंद'मध्ये येत नाही, सिनेमा गड घेतल्यावर थांबतो. संभाजी महाराजांच्या काळात, १६८१-८२ च्या जंजिऱ्याच्या मोहिमेत, हाच कोंडाजी रुसून फितूर झाल्याचं सोंग करून सिद्दीकडे गेला. आत राहून दारूकोठार उडवायचं, असा बेत. बेत फुटला आणि सिद्दीने त्याला मारलं. म्हणजे ज्याला बघून कुत्रं भुंकेल असं काका म्हणाले होते, तो शेवटी हेर म्हणूनच गेला. आणि ज्या दिवसांत तो सोंग करत होता त्या दिवसांत बाहेर त्याच्या नावानं काय काय बोललं गेलं असेल, याचा विचार करा. घरच्यांना तरी खरं माहीत होतं का? लांजेकरांनी किंवा कुणीही यावर सिनेमा करावा. मोठ्या लढाईविना, नुसता कोंडाजीच्या घरातला.

काका ऐकत होते. ताई भाकरी मोडत म्हणाली, "ह्याला सगळं माहीत असणारच. ह्याला लहानपणापासून सभेला न्यायचे ना. मला कधी नाही नेलं."

हा तो जुना विषय.

झालं होतं असं. मी सहा-सात वर्षांचा असताना, १९८९-९० च्या निवडणुकांच्या दिवसांत, काका मला संध्याकाळी सायकलवर पुढे बसवून बिंदू चौकात न्यायचे. कोल्हापुरात सभा म्हणजे बिंदू चौक. कधी दसरा चौक, कधी गांधी मैदान. सगळ्या पक्षांच्या सभा आम्ही ऐकल्या. म्हणजे काका ऐकायचे. मी भाजलेल्या शेंगा खायचो, पाच पैशाच्या गोळ्या चघळायचो आणि त्यांच्या खांद्यावर बसून दिवे बघायचो. परत येताना ते मला विचारायचे, ते पांढऱ्या टोपीवाले आजोबा स्टेजवर कुणाशी बोलत होते रे? मी सांगायचो. मला वाटायचं माझी परीक्षा घेतायत, आणि बरोबर उत्तर आलं की किती भारी वाटायचं! माझे वडील तेव्हा बदलीच्या नोकरीवर बाहेरगावी होते. त्यामुळे माझ्या लहानपणातला सगळ्यात सुखाचा भाग कुठला असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून सायकलचा तो दांडा आणि शेंगांचा वास सांगेन. ताईला त्यांनी एकदाही नेलं नाही. ती खिडकीत उभी राहून बघत बसायची, असं काकू सांगतात. ताईने त्याचा राग माझ्यावर काढला, माझे पतंग फाडले, आणि नंतर मोठेपणी तो राग विनोदात गेला. पण गेला म्हणजे गेलाच असं नसतं.

आदल्या रात्री पिक्चर बघताना माझ्या डोक्यात काहीतरी खटकन बसलं होतं. म्हणून मी विचारलं. फार सहज, झुणक्याकडे बघत. "काका, मला सभेला का न्यायचात तुम्ही?"

काकांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "तुला शेंगा आवडायच्या म्हणून."

आम्ही हसलो. पण काकांचं झालं नव्हतं. त्यांनी सवयीनं एकदा मागे बघितलं. मागे फक्त दरी होती.

"पोरगं हातात असलं की माणसाकडं कोण बघत न्हाई. एकटा बाप्या तीन तास उभा ऱ्हायला की लोक वळखतात, हा आपला न्हवं. पोरगं असलं की जागा देतात. पुढं बसा म्हणतात."

कुणी काही बोललं नाही. पुतणी तेवढी म्हणाली, "म्हणजे काका केसर होता?" (यावर आमच्या घरात मला पुढचे सहा महिने त्याच नावानं हाक मारण्यात आली. :) )

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. पहिल्यांदा पोटात एक खड्डा पडला. ते दिवे, ती परीक्षा, पांढऱ्या टोपीवाले आजोबा! म्हणजे ड्यूटी होती तर सगळी. माझा प्रश्न बाळबोध आहे हे मला कळतं. ड्यूटी असली म्हणून शेंगा खोट्या नव्हत्या. त्यांच्या पैशानेच घेतलेल्या होत्या, कुठल्या बिलात लावल्या नव्हत्या. गर्दी रेटायला लागली की ते मला खांद्यावर घेऊन हळूच कडेला सरकायचे, हेही मला आठवतं. एकदा दगड आला होता कुठूनतरी, तर माझं डोकं त्यांनी आपल्या पिशवीखाली झाकलं होतं. त्या दिवशी रिपोर्ट अर्धाच गेला असणार. माणूस कामातून जे देतो ते कमी प्रतीचं असतं का? मीही मुलाला ऑफिसच्या फॅमिली डेला नेतो तेव्हा निम्मं लक्ष मॅनेजरकडेच असतं की. हे सगळं मी स्वतःला समजावतो, आणि बऱ्याच वेळा पटतंही. बऱ्याच वेळा.

पण ताईचा प्रश्न वेगळा होता. तिने तो तिथे विचारला नाही. गाडीत बसताना, काका पुढच्या सीटवर, तेव्हा विचारला.

"मग मला का नाही नेलं? मीही पोरगंच होते की."

मला वाटलं, आता काहीतरी अवघड ऐकायला लागणार. स्वतःच्या पोरीला धोक्यात कशाला घालू, भावाचं पोर चालतंय, असलं काहीतरी. मी खिडकीची काच खाली केली.

काका समोर बघत म्हणाले, "तू बोलायचीस फार. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, समद्यांना सांगायचीस. माझे बाबा पोलीस हायत, माझे बाबा पोलीस हायत. शाळेत जाऊन सांगून आलीस. तुला चौकात नेली असती तर पैल्या पाच मिनिटांत सभा संपली असती. हा मुका होता."

पुतणी हसायला लागली. ताई हसली नाही. वाघबीळ येईपर्यंत ती बाहेर बघत होती. मग मला कोपर मारून हळू आवाजात म्हणाली, "बघ, मी त्यांचं कौतुक करायची म्हणून."

पुढच्या सीटवर काकांनी पिशवीतून शेंगांची पुडी काढली. पन्हाळ्यावर कधी घेतली होती, आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. ती त्यांनी मागे न बघता ताईच्या बाजूने सरकवली.